ॲमेझॉन स्त्रिया : ग्रीसपासून अमेरिकेपर्यंत

आज ‘ॲमेझॉन’ म्हटले की आमच्या नातवंडांना दारात येऊन पडलेले पुठ्ठ्याचे खोके आठवते. त्यांच्या आईबापांना फार तर दक्षिण अमेरिकेतील मोठी नदी आठवेल. दुकानाने नाव घेतले नदीचे, आणि नदीला ते मिळाले ग्रीक पुराणांतील लढवय्या स्त्रियांवरून. १५४२ साली ओरेयाना नावाचा स्पॅनिश सरदार त्या नदीतून होड्या घेऊन समुद्राकडे निघाला असता काठावरच्या लोकांशी त्याची चकमक झाली. त्या लोकांच्या बाजूने स्त्रियाही धनुष्यबाण घेऊन लढत होत्या, असे त्याच्याबरोबरच्या कार्व्हाहाल नावाच्या पाद्र्याने लिहून ठेवले. युरोपातील वाचकांना लगेच ग्रीकांच्या ॲमेझॉन आठवल्या आणि नाव चिकटले ते आजतागायत.

या स्त्रियांचा उल्लेख होमरच्या काव्यापासून आहे. म्हणजे ही कथा अडीच हजार वर्षांहून अधिक काळ सांगितली जात आहे, आणि प्रत्येक काळाने ती आपल्या सोयीने बदलली आहे. निवृत्त झाल्यावर मी सवडीने या विषयावर वाचू लागले तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कथा सांगणारा कोणीही असो, या बाईच्या हातात शस्त्र दिले की तो तिच्याकडून काहीतरी काढून घेतो. कधी तिचा जीव, कधी तिचे राज्य, कधी तिच्या शरीराचा अवयव. ताकदीची किंमत तिने भरलीच पाहिजे, असा जणू कायदाच आहे.

ग्रीकांचे पाहा. हेराक्लीसला बारा अवघड कामे सांगितली होती, त्यांतले नववे काम ॲमेझॉन राणी हिप्पोलिटीचा कमरपट्टा आणणे. पट्टा येतो, राणी मारली जाते. अथेन्सचा थीसियस तिच्या जातीतल्या अँटिओपीला पळवून आणून घरात ठेवतो. ट्रॉयच्या मदतीला आलेली पेंथेसिलिया शूरपणे लढते, पण अकिलीसच्या भाल्याने पडते, आणि तो तिच्या प्रेमात पडतो तो ती मरत असताना. अथेन्सच्या लोकांनी इराणच्या बादशहाला परतवल्यावर तर ॲमेझॉनना इराणी धर्तीचे विजार-अंगरखे घालून रंगवण्याची चाल पडली. पार्थेनॉन या त्यांच्या मुख्य देवळाच्या पश्चिम बाजूवर ग्रीक आणि ॲमेझॉन यांची लढाई कोरली होती, ती शहरातला प्रत्येक माणूस येता-जाता पाहत असे. ज्या शहरात घरंदाज बाईने उंबरठ्याबाहेर फारसे दिसू नये अशी रीत होती, त्या शहरात या घोडेस्वार बायकांची चित्रे अत्तराच्या कुप्यांवर आणि पाण्याच्या घड्यांवर घराघरांत होती. ती पाहून त्या बायकांच्या मनात काय येत असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. लिहिणारे सगळे पुरुषच होते.

अवयवाची गोष्ट मात्र मी, चाळीस वर्षे नर्सचे काम केलेली बाई, सहज सोडून देऊ शकत नाही. ॲमेझॉन स्त्रिया धनुष्य ओढताना अडथळा होऊ नये म्हणून उजवा स्तन कापून टाकीत, असे आपण सर्वांनी कोठेतरी वाचलेले असते. हे आले एका शब्दाच्या फोडीतून. ग्रीक भाषेत ‘अ’ म्हणजे नाही आणि ‘माझॉस’ म्हणजे स्तन, म्हणून ॲमेझॉन म्हणजे स्तन नसलेली, अशी व्युत्पत्ती इ.स.पूर्व पाचव्या शतकातील हेलानिकस या लेखकाने दिली. शब्द बहुधा मुळात ग्रीक नव्हताच, आणि आजचे भाषापंडित ही फोड मानीत नाहीत. परंतु एकदा शब्दाला अर्थ चिकटला की त्याला साजेशी गोष्ट तयार होते. ती तयार केली खुद्द वैद्यांनी. ज्या हिप्पोक्रेटिसचे नाव डॉक्टरांच्या शपथेला आहे, त्याच्या परंपरेतील ‘हवा, पाणी आणि स्थळे’ या ग्रंथात लिहिले आहे की सौरोमाती नावाच्या लोकांत आई आपल्या तान्ह्या मुलीच्या उजव्या छातीला तापवलेल्या काशाच्या उपकरणाने डाग देते. त्यामुळे तेथली वाढ खुंटते आणि सगळी शक्ती उजव्या खांद्यात व हातात जाते.

ज्याने शरीराची रचना एकदा तरी नीट पाहिली आहे त्याला हे पटणार नाही. स्तन हा स्नायू नव्हे. तो हाताच्या वाट्याचे बळ खात बसलेला नसतो. आणि तान्ह्या मुलीच्या छातीवर एवढा भाजल्याचा व्रण झाला तर कातडी आकसून खांदा आखडेल, हात वर जाणार नाही. भाजलेल्यांच्या वॉर्डात हे रोज दिसते. धनुष्यबाण चालवणाऱ्या मुली आजही आहेत, त्यांना कोणी असा डाग दिलेला नाही. गंमत अशी की ग्रीक चित्रकारांनीही ही गोष्ट कधी मानली नाही. शेकडो भांड्यांवर आणि शिल्पांत ॲमेझॉन आहेत, कधी एक बाजू उघडीही असते, पण दोन्ही स्तन शाबूत असतात.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये जखमी ॲमेझॉनचा संगमरवरी पुतळा आहे. १९३२ साली रॉकफेलर (धाकटे) यांनी तो म्युझियमला दिला. मूळ ग्रीक पुतळा ब्राँझचा, इ.स.पूर्व पाचव्या शतकातला. हा रोमन काळातील त्याची प्रत. तिच्या हातात शस्त्र उरलेले नाही. कमरेला पट्टा म्हणून तिने आपल्या घोड्याच्या लगामाचा तुकडा बांधला आहे. उजव्या स्तनाखाली जखम आहे आणि उजवा हात तिने डोक्यावर टेकवला आहे. जखमी बाजूचा हात असा वर ठेवला तर जखम उघडी पडते, कोणतीही नर्स तिला तो खाली घ्यायला लावील. पण शिल्पकाराला जखम दाखवायची होती. चेहऱ्यावर वेदनेची रेघ नाही. पुतळा सुंदर आहे यात शंका नाही, तरीही हरलेली बाईच त्यांना सुंदर वाटली हे त्यातून दिसतेच.

आता आपल्या घरातले पाहू. आपल्या बेने इस्राएल घरांत दबोरा आणि याएल यांची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली असते. ‘शास्ते’ या पुस्तकात बाराक सेनापती दबोरेला सांगतो की तू बरोबर आलीस तरच मी लढाईला जाईन. ती जाते, इस्राएल जिंकतो, आणि दबोरेला कोणी काही भरायला लावीत नाही. याहूनही ॲमेझॉनच्या जवळची कथा ताल्मुदच्या ‘तामीद’ या भागात आहे, ती मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. अलेक्झांडर बादशहा आफ्रिकेकडे एका नगराशी पोचतो, तिथे सगळ्या बायकाच. तो हल्ला करू लागतो तेव्हा त्या त्याला समजावतात की तू आम्हांला मारलेस तर लोक म्हणतील बायकांना मारले, आणि आम्ही तुला मारले तर म्हणतील बायकांकडून मेला. बादशहा लढाई सोडून भाकरी मागतो. त्या सोन्याच्या मेजावर सोन्याची भाकरी आणून ठेवतात, आणि खायचीच भाकरी हवी होती तर ती तुझ्या घरी नव्हती काय, असे विचारतात. जाताना तो वेशीवर लिहून जातो की आपण मूर्ख होतो, शहाणपण या बायकांकडून शिकलो. ग्रीकांच्या अलेक्झांडरकथांतही असा युक्तिवाद आहे, पण आपल्या ऋषींनी त्याला भाकरीची जोड दिली. एवढ्या जुन्या साहित्यात स्त्रियांचे राज्य शेवटपर्यंत जसेच्या तसे उभे राहिलेली दुसरी कथा मला सापडलेली नाही.

हिंदुस्थानातली स्त्रीराज्याची कथा मराठी वाचकांना ठाऊक असेल. जैमिनी अश्वमेधात राणी प्रमिला अर्जुनाचा घोडा अडवते, अर्जुनाला ती आवरत नाही, तेव्हा आकाशवाणी होते आणि लग्न लागते. राणीला कोणी मारीत नाही, एवढेच. पण स्त्रीराज्य संपते.

अमेरिकेच्या नकाशावर ॲमेझॉन राणी आहे, हे मात्र येथे राहणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. १५१० च्या सुमारास स्पेनमध्ये मोंताल्व्हो या लेखकाची शूरवीरांची एक कादंबरी छापली गेली. तीत इंडीजच्या उजव्या हाताला कॅलिफोर्निया नावाचे बेट आहे. तेथे काळ्या वर्णाच्या स्त्रियाच राहतात, त्यांची शस्त्रे सोन्याची, आणि राणी कलाफिया. स्पॅनिश खलाशांनी ही कादंबरी वाचलेली होती. पश्चिम किनाऱ्याला त्यांनी तेच नाव दिले. कादंबरीत राणीचे पुढे काय होते? ती हरते, धर्म बदलते आणि एका सरदाराशी लग्न करते. नाव राहिले, राणीची गोष्ट लोक विसरले. १८६० च्या दशकात बोस्टनच्या एडवर्ड एव्हरेट हेल यांनी हा संबंध पुन्हा शोधून काढला.

आता १९४१ साल. युरोपात युद्ध पेटलेले, अमेरिका अजून त्यात उतरलेली नव्हती. अशा वेळी मुलांच्या दहा सेंटच्या कॉमिकमध्ये ‘वंडर वुमन’ आली. तिचा जनक विल्यम मौल्टन मार्स्टन हा हार्वर्डमध्ये शिकलेला मानसशास्त्रज्ञ. खोटे बोलताना माणसाचा वरचा रक्तदाब चढतो, यावर त्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रयोग केले होते. वंडर वुमनच्या हातातली खरे बोलायला लावणारी दोरी त्यातूनच आली असावी. तिच्या मनगटातल्या कड्यांचा उगम ऑलिव्ह बर्न या बाईच्या बांगड्यांत आहे. मार्स्टनच्या घरात त्याची पत्नी एलिझाबेथ आणि ऑलिव्ह दोघी राहत आणि दोघींना त्याची मुले होती. हे प्रकरण कीर्तनात सांगण्याजोगे नाही, असो.

पण ऑलिव्हची आई सांगण्याजोगी आहे. तिचे नाव एथेल बर्न, व्यवसाय नर्स. तिची बहीण मार्गारेट सँगर, तीही नर्स. १९१६ च्या ऑक्टोबरात या दोघींनी ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल वस्तीत संततिनियमनाचा पहिला दवाखाना उघडला. वस्ती गरीब ज्यू आणि इटालियन लोकांची, म्हणून पत्रके इंग्रजीबरोबर यिडिश आणि इटालियन भाषांतही छापली होती. थोड्याच दिवसांत पोलिसांनी दवाखाना बंद केला. एथेलला जानेवारी १९१७ मध्ये तीस दिवसांची शिक्षा झाली. तिने तुरुंगात अन्नपाणी सोडले, तेव्हा तिला नळीने जबरदस्तीने अन्न भरवण्यात आले. इस्पितळात नळी घालण्याचे काम मी पुष्कळ वेळा केले आहे, रोग्याच्या संमतीने आणि हळुवारपणे. ती नळी विरोध करणाऱ्या बाईच्या घशात कशी जात असेल याची मला कल्पना आहे. याच बाईच्या मुलीच्या बांगड्या पुढे ॲमेझॉन राजकन्येच्या हातात गेल्या.

मार्स्टनच्या कथेत ॲमेझॉनना हेराक्लीसने कपटाने जिंकून बेड्या घातलेल्या असतात. त्या सुटतात, पुरुष नसलेल्या बेटावर जातात, आणि मनगटातली कडी त्या बेड्यांची आठवण म्हणून घालतात. जुनीच गोष्ट, पण ती हरलेल्या बाजूने सांगितलेली. राजकन्या अमेरिकेत येते तेव्हा एका जखमी वैमानिकाला लष्करी इस्पितळात आणते. तेथे तिला डायना प्रिन्स नावाची रडणारी नर्स भेटते. डायनाच्या वाग्दत्त वराला दक्षिण अमेरिकेत नोकरी लागली आहे आणि तिच्याकडे तिकिटाला पैसे नाहीत. राजकन्या तिला पैसे देते आणि बदल्यात तिचे नाव व कागदपत्रे घेऊन नर्सच्या गणवेशात कामाला लागते. आम्ही परदेशातून आलेल्या नर्सांनी येथल्या राज्याच्या बोर्डाची परीक्षा देण्यासाठी किती रात्री जागवल्या, त्यांना हा व्यवहार फारच स्वस्तात पडला असे वाटेल! तरीपण ॲमेझॉन अमेरिकेत प्रथम आली ती नर्स म्हणून, ही गोष्ट मला मोलाची वाटते. १९४२ पासून निघालेल्या तिच्या स्वतंत्र मासिकात ‘इतिहासातील वंडर वुमन’ असे सदर असे. त्यात आरंभीच फ्लॉरेन्स नाइटिंगेल, क्लारा बार्टन आणि एडिथ कॅव्हेल आल्या, आणि न्यूयॉर्कची लिलियन वॉल्डसुद्धा. वॉल्ड ज्यू घराण्यातली. १८९३ साली तिने गरीब वस्तीत घरोघर जाऊन रोग्यांना पाहण्याचे काम सुरू केले, त्यातून हेन्री स्ट्रीटची संस्था उभी राहिली.

किंमत वसूल होणे मात्र लवकरच सुरू झाले. दुसऱ्या एका लेखकाच्या कॉमिकमध्ये वीर पुरुषांच्या मंडळाने तिला आपल्यात घेतले, पण सेक्रेटरी म्हणून. ते लढायला जात आणि ही मागे थांबे. १९४७ साली मार्स्टन वारला. नव्या लेखकांच्या हाती ती लग्न करावे की न करावे या विवंचनेत पडली, आणि थोर स्त्रियांच्या सदराच्या जागी देशोदेशींच्या लग्नपद्धतींचे सदर आले. नर्स गेली, नवरी आली. १९६८ साली तर तिची सर्व शक्तीच काढून घेतली आणि तिला कपड्यांचे दुकान घालून दिले. १९७२ च्या जुलैत ग्लोरिया स्टायनम यांच्या ‘मिझ’ मासिकाने तिला मुखपृष्ठावर आणले, आणि १९७३ मध्ये तिची शक्ती तिला परत मिळाली. पुढचे वाचकांना माहीत आहेच. १९७५ ते १९७९ टेलिव्हिजनवर लिंडा कार्टर. २०१७ साली पॅटी जेंकिन्स यांच्या चित्रपटात गाल गदोत. रोश हाआयीनमध्ये वाढलेली, इस्राएलच्या सेनेत दोन वर्षे काढलेली मुलगी ग्रीक ॲमेझॉन होते, आणि तेवढ्यासाठी लेबनॉनमध्ये चित्रपटावर बंदी येते! मधेच २०१६ च्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रसंघाने वंडर वुमनला मानद राजदूत नेमले होते. तोकड्या कपड्यांवर हरकती आल्या आणि डिसेंबरात पद गेले. तिच्या कपड्यांबद्दल माझे मत त्या हरकत घेणाऱ्यांसारखेच आहे, पण तो वेगळा विषय.

या सगळ्या काळात कापलेल्या स्तनाची दंतकथा कोठे होती? ती इस्पितळात होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातील सर्जन हाल्स्टेड यांनी १८९४ साली स्तनाच्या कर्करोगावरील आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढीत. पाऊणशे वर्षे ही पद्धत चालली. हात सुजे, खांदा जखडे, डोक्यावरचे भांडे काढता येत नसे. हिप्पोक्रेटिसच्या ग्रंथात लिहिले आहे त्याच्या बरोबर उलट. पिट्सबर्गचे डॉ. बर्नार्ड फिशर यांनी १९७१ पासून केलेल्या चाचण्यांनी दाखवले की एवढे कापल्याने बाई जास्त जगत नाही. मी वॉर्डात कामाला लागले तेव्हा हाल्स्टेडची पद्धत मागे पडली होती, पण ती सोसलेल्या बायका इतर आजारांसाठी येत. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही, सुई टोचायची नाही, अशी पाटी आम्ही खाटेवर लावीत असू. नवीन ऑपरेशन झालेल्यांना भिंतीसमोर उभे करून बोटांनी भिंत चढायला शिकवीत असू, रोज एक इंच वर. आपल्या समाजातल्या एक वयस्कर मावशी तर अंगावरची गाठ दोन वर्षे लपवून होत्या. ‘गाठ’ हा शब्दही त्या कुजबुजत उच्चारीत.

न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचा उजवा स्तन १९७८ साली काढावा लागला. १९८० साली त्यांनी आपल्या आजारावर पुस्तक प्रसिद्ध केले. खोटा स्तन लावायचे त्यांनी नाकारले. त्या तपासणीला गेल्या असता डॉक्टरांच्या नर्सने त्यांना सांगितले की तो न लावता आलात तर दवाखान्यातल्या इतरांचे मनोधैर्य खचते. यावर लॉर्ड यांनी दिलेले उदाहरण आपल्या वाचकांना रुचेल. मोशे दायान डोळ्यावर काळी पट्टी लावून क्नेसेटमध्ये उभे राहतात तेव्हा त्यांना काचेचा डोळा बसवा असे कोणी सांगत नाही, लोक त्यांच्याकडे लढाईत जखमी झालेला वीर म्हणून पाहतात. मग आम्हांलाच लपवायला का सांगता? या ओघात त्या आफ्रिकेतील दाहोमी राज्याच्या स्त्रीसैन्याची आठवण करतात, त्या बायका धनुष्यासाठी उजवा स्तन कापीत असे म्हणतात. इतिहास म्हणून हे बरोबर नाही. दाहोमीच्या स्त्रिया खऱ्या होत्या, १८९० नंतरच्या काही वर्षांत त्या फ्रेंचांशी लढल्या, पण बंदुका घेऊन, आणि अंगाची काटछाट न करता. तरीसुद्धा लॉर्ड यांच्या पानावर ही चूक दुरुस्त करण्यासाठी माझी पेन्सिल उचलली जात नाही. अडीच हजार वर्षे पुरुषांनी सांगितलेली खोटी गोष्ट एका आजारी बाईने उचलली, आणि तिच्यात प्रथमच गमावण्याला लाज उरली नाही.

आणि खऱ्या ॲमेझॉन? हेरोडोटसने लिहिले होते की ॲमेझॉन आणि शक तरुण यांच्या संसारांतून सौरोमाती लोक झाले, आणि त्यांच्या बायका घोड्यावर बसतात, शिकार करतात, लढतात. स्तनाबद्दल त्याने अक्षरही लिहिलेले नाही. लोक त्याला थापाड्या म्हणत. १९९२ ते १९९५ या काळात अमेरिकन संशोधिका जीनीन डेव्हिस-किंबॉल यांनी रशियन सहकाऱ्यांबरोबर कझाकस्तानच्या सीमेवर पोक्रोव्का येथे मातीच्या उंचवट्यांखालील कबरी उघडल्या. तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीजवळ खंजीर आणि चाळीसेक बाणांचा भाता होता, आणि घोड्यावर बसून बसून तिच्या पायांची हाडे बाकदार झालेली होती. २०१९ साली रशियातच व्होरोनेझजवळ देविता येथे एका कबरीत चौघीजणी सापडल्या. सर्वांत धाकटी बारा-तेरा वर्षांची. सर्वांत थोरली पंचेचाळीस ते पन्नास, डोक्यावर सोन्याच्या पत्र्याचा फुलांनी मढवलेला मुकुट, शेजारी लोखंडी सुरी आणि बाणाचे टोक. त्या काळच्या मानाने ती म्हातारीच म्हणायची. स्टॅनफर्डच्या एड्रिएन मेयर यांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात असा सर्व पुरावा एकत्र केला आहे.

हाडे स्तनाबद्दल काही सांगू शकत नाहीत. पण सैबेरियातील अल्ताई पर्वताच्या उकोक पठारावर १९९३ साली नताल्या पोलोस्माक यांना बर्फात गोठलेली एक तरुण स्त्री सापडली, कातडीसकट, खांद्यावरच्या गोंदणासकट. शकांच्याच नात्यातले हे लोक. काळ ग्रीकांच्या सुवर्णकाळाच्या आगेमागे. तिच्याजवळ शस्त्रे नव्हती, पण कबरीत खोगीर घातलेले सहा घोडे होते. नोव्होसिबिर्स्कच्या डॉक्टरांनी तिचे एम.आर.आय. चित्र घेतले आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वय सुमारे पंचवीस. घोड्यावरून पडल्यासारखे मार मृत्यूच्या थोडे आधीचे. उजव्या स्तनात कर्करोगाची गाठ, आणि रोग काखेत उतरलेला. स्तन कोणी कापलेला नव्हता, डागलेलाही नव्हता. बरीच वर्षे ती आजारी असावी, आणि तिच्या माणसांनी तिला मुक्कामामागून मुक्कामाला बरोबर नेले असावे, असे डॉक्टरांना वाटते. कबरीत तिच्याजवळ भांगेचे भांडे होते. ते दुखणे कमी करण्यासाठी असावे.